गड्ड्यांची माळ

ऑगस्टात वेस्ट कॉर्कच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी केशरी काठ लागतो. वर फ्यूशियाच्या कुंपणातून लोंबणारे लाल लोलक, पायाशी क्रोकोस्मिया. आयर्लंडमधली माणसं त्याला अजून जुन्या नावानं ओळखतात, माँटब्रेशिया. पहिल्या वर्षी मला ते याच मातीचं वाटलं होतं. मुळात ते दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या दोन जातींचा संकर फ्रान्समध्ये, नान्सीला, व्हिक्टर लेम्वान यांनी १८८०च्या सुमारास केला. पुढे बागा ओलांडून ते इथल्या ओल्या बांधांवर येऊन राहिलं. त्याला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझा ताटवा शेजारच्या आजींनी दिलेल्या मूठभर कंदांचा. वसंतात चार बोटं खोल लावले. त्याला ऊन हवं, ओल हवी, पण पाणी साचलेलं चालत नाही. तलवारीसारखी पानं येतात आणि त्यांवर अंगच्याच चुण्या, नुकत्या घातलेल्या निऱ्यांसारख्या. फुलांचा दांडा वळणं घेत पुढे झुकतो. कळ्या खालून उमलत जातात, शेंड्याच्या सगळ्यांत शेवटी.

चौथ्या वर्षी नुसतीच पानं माजली, फुलं बेताची. दाटी झाली होती. मार्चमध्ये फावडं घालून अख्खा गठ्ठा उपटला, माती झटकली आणि तशीच उकिडवी बसून राहिले. कंदावर कंद, एकाखाली एक, पाच-सहांची उभी माळ! वरचा टपोरा, पांढुरका. त्याखाली गेल्या वर्षीचा, त्याखाली त्याच्या आदल्याचा. सगळ्यांत तळचा तपकिरी जाळीत गुंडाळलेला, सुपारीएवढा. आजोळी हळद काढताना मी गड्डे मोडलेत, पण ते आडवे फुटतात. इथे वर्षं एकावर एक उभी होती.

तळचा टाकूनच देणार होते. नखानं जाळी सोलली तर आत घट्ट, ओला. माळेतून सुटा केला आणि वेगळ्या कुंडीत लावला. मे महिन्यात त्यातून एक पातळ पान वर आलं. उरलेले कंद हात राखून वाटले. बांधावर फेकले तर ते दुसऱ्या कुणाला जागाच ठेवत नाहीत.

हिवाळ्यात सुकलेली पानं मी कापत नाही. गारठ्यात तेच त्याचं पांघरूण. वसंतात नवे कोंब दिसले की मग काढते.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. फूल हुंगून म्हणाली, "दिसायला एवढं, पण वास कसा नाही गं?" याच्या ग्रीक नावातच केशराचा वास आहे, कूळही केशराचंच. मी सुकवलेली फुलं वाटीत घेतली, वर कोमट पाणी ओतलं आणि ती वाटी तिच्या हातात दिली.

आईनं वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चक्का टांगून ठेवायला हवा होता."