लाकडी नंदी कोणत्या रंगाचा?

तान्हा पोळा हा लाकडी बैलांचा पोळा. श्रावण अमावास्येला शेतकऱ्याचे खरे बैल तोरणाखाली उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लेकरे आपापले चाकांवरचे नंदी दोरीने ओढत चौकात आणतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ मध्ये ही प्रथा पाडली, असे नागपुरात सांगतात. खऱ्या बैलाची वेसण धरण्याचे ज्यांचे वय नाही त्यांना त्यांच्या मापाचा बैल मिळाला आणि त्याच्यासोबत बोजारा, म्हणजे पोळ्याची खाऊ-पैशांची भेटही. भोसल्यांचा वाडा आणि तलाव ज्या सक्करदऱ्यात आहे, तिथे या दिवशी वस्तीवस्तीत पोळा भरतो, सजावटीच्या स्पर्धा होतात आणि घराघरांत आठवडाभर आधीपासून एकच वाद चाललेला असतो: यंदा नंदीला रंग कोणता?

बाजारातले बहुतेक नंदी रंगवूनच येतात. अंग पांढरे, शिंगे लाल, पाठीवर लाल किंवा हिरवी झूल, तिला पिवळा काठ. ही रंगसंगती इतकी रुळली आहे की ती कोणी कधी निवडली असेल हे मनातही येत नाही. पण ती आकाशातून पडलेली नाही. नागपूर आणि वर्धा हा गवळाऊ जनावरांचा मुलूख. गवळाऊ पांढरी, बैलाच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या पुठ्ठ्यांवर राखाडी छटा उतरते. मराठ्यांच्या फौजेची ओझी वाहणारी, चालायला चपळ अशी या जातीची ख्याती होती. लाकडाचा पांढरा नंदी म्हणजे या गवळाऊचीच प्रतिमा, फक्त वशिंडावरची राखाडी छटा कारागिराने घाईत गाळून टाकली आहे. ती छटा परत आणली तर साध्या नंदीचे रूप पालटते. पांढऱ्या रंगात चिमूटभर काळा मिसळून, त्यात भरपूर पाणी घालून, तो पातळ रंग वशिंडाच्या खाचेतून खाली वाहू द्यायचा आणि कडा ओल्या फडक्याने टिपायच्या. एवढ्याने पाठीला गोलाई येते.

पांढऱ्याचा कंटाळा आला असेल तर रंगाच्या तक्त्यापेक्षा गोठा जास्त उपयोगी. मराठवाड्यातली लाल कंधारी पूर्ण गडद तांबडी असते. लातूरकडच्या देवणीत तीन तऱ्हा: पांढऱ्या अंगाची पण तोंडाच्या बाजूंना काळी ती वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेली बालंक्या, आणि अंगभर वेडेवाकडे काळे डाग पडलेली शेवेरा. नाशिक-नगरच्या डोंगरपट्ट्यातली डांगी काळ्या-पांढऱ्या ठिगळांची, जणू पावसाळी ढगांतून कापून काढलेली. रंगसंगती म्हणून शेवेरा फसवी आहे. डाग समान अंतरावर पडले की बैलाचा बिबट्या होतो. डाग लहान-मोठे हवेत, काही पोटाकडे घसरलेले हवेत, आणि दोन्ही अंगांवर सारखे तर मुळीच नकोत.

मुळात लहान मूर्तीला रंग देणे आणि भिंतीला रंग देणे यांत फरक आहे. खऱ्या बैलाच्या अंगावर उजेड आपोआप खेळतो, सावली पडते, कातडी हलते. वीतभर लाकडावर यातले काहीच घडत नाही. म्हणून तिथे उजेड-सावलीही रंगवूनच दाखवावी लागते आणि तीही जरा वाढवून. पापणीखाली खऱ्यापेक्षा काळी रेघ, खुरांवर खऱ्यापेक्षा गडद तपकिरी. हुबेहूब रंगवलेला लहान नंदी हाताभर अंतरावरून मळकट दिसतो. थोडा अतिरेक केलेला जिवंत दिसतो. नाटकाच्या रंगभूषेत हे सगळ्यांना पटते, खेळण्यात मात्र पटवून द्यावे लागते.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या वेशात भेटतो. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८६ मध्ये ‘ब्लड बोल’ नावाचा पटावरचा खेळ काढला. तो रचला जर्विस जॉन्सन यांनी. अमेरिकन फुटबॉलसारखा सामना, पण खेळाडू माणसांबरोबरच हिरव्या कातडीचे राक्षस, बुटके, लांबट कानांचे वनवासी. मैदान २६ बाय १५ चौकोनांचे, एका वेळी दोन्हीकडून अकरा-अकरा. आजच्या संचांतले खेळाडू अंगठ्याएवढे, प्लॅस्टिकचे आणि बिनरंगाचे असतात. संघाचा रंग ठरवणे आणि तो ब्रशने चढवणे हे मालकाचे काम, आणि पुष्कळांना सामन्यापेक्षा त्याचीच गोडी अधिक.

तिथली अडचण तान्ह्या पोळ्याच्या नेमकी उलटी आहे. संघातले अकराही जण एका नजरेत एकाच बाजूचे वाटले पाहिजेत, म्हणून अंगरखा सगळ्यांचा सारखा. आणि तरी चेंडू पळवणारा कोण, आडवा पाडणारा कोण हे डावात क्षणात कळले पाहिजे. ती खूण मग शिरस्त्राणाच्या पट्ट्यात किंवा पायाखालच्या चकतीच्या कडेला जाते. म्हणजे मोठा भाग संघाचा, लहान भाग एकट्याचा. तान्ह्या पोळ्यात संघ नसतोच. शंभर पांढरे नंदी रांगेत उभे असतात आणि प्रत्येक लेकराला आपला तेवढा वेगळा उठून दिसायला हवा असतो. तरीही उत्तर तेच निघते. पांढरे किंवा गोठ्यातल्या खऱ्या बैलाचे अंग हा सगळ्या पोळ्याचा अंगरखा समजावा, तो मोडू नये. वेगळेपण झुलीत, शिंगांत आणि मठाटीत ठेवावे. हट्टाने निळा किंवा गुलाबी केलेला नंदी रांगेत चटकन दिसतो खरा, पण बैल म्हणून दिसत नाही.

दुसरा धडा हिरव्या कातडीचा. ज्याचे अंगच हिरवे त्याला हिरवा अंगरखा दिला तर तो हिरव्या मैदानात नाहीसा होतो. त्याची कातडी हा आधीच वापरून झालेला रंग. नंदीलाही हे लागू पडते. गवळाऊ पांढरा असेल तर झूल गडद हवी, लाल कंधारी असेल तर झूल पिवळी किंवा पांढरी. तांबड्या बैलावर लाल झूल म्हणजे मेहनत वाया. रंग चढवण्याआधी तपासण्याची सोपी युक्ती आहे: कागदावर खडूने रंग भरून त्याचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढावा. दोन रंग एकाच राखाडीत मिसळले तर ते चौकातही मिसळतील. लाल आणि हिरवा हे जोडपे हातात भडक वाटते, पण फोटोत अनेकदा एकच होऊन जाते. त्यांच्यामध्ये पिवळा काठ लागतो तो यासाठी. जुन्या कारागिरांना हे फोटोविना माहीत होते.

रंग दोनच ठेवण्याची ताकद पाहायची असेल तर तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या मारबतींच्या पुतळ्यांकडे पाहावे. १८८० च्या दशकापासून नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. आकृतीचे तपशील गर्दीत कोणाला दिसतात? गल्लीच्या टोकावरून रंग दिसला की कोणती येते आहे ते कळते, आणि नावही रंगाचेच. संघाचा रंग ठरवणाऱ्या कोणाला याहून चांगला नमुना मिळायचा नाही.

वेळेचाही विचार हवा. तान्हा पोळा दुपार कलल्यावर रंगात येतो आणि बक्षिसे वाटेपर्यंत दिवेलागण होते. उजेड मंदावला की माणसाच्या डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो. निळा त्या मानाने टिकतो. दुपारी झळकणारी हिंगुळी शिंगे संध्याकाळी काळी वाटतात ती त्यामुळे. शिंगांच्या टोकाला पितळी शेंब्या किंवा बेगडाची पट्टी असेल तर ती दिव्याचा उजेड पकडते. खऱ्या बैलाच्या साजातली ही जुनी रीत आहे आणि ती लाकडावर तशीच लागू होते.

कामाचा क्रम ठरलेला. आधी पॉलिश पेपरने लाकूड घासायचे, भेगांत लांबी भरायची, वाळली की पुन्हा घासायचे. मग पांढरा प्रायमर. पिवळा आणि लाल हे झाकण्यात दुबळे रंग, ते उघड्या लाकडावर मळतात, पांढऱ्यावर खुलतात. त्यानंतर अंग, अंगावरची छटा, झूल, काठ, घुंगरांचे ठिपके. शेवटी डोळे. मूर्तिकारांच्या चितार ओळीतल्या गणपतीच्या मूर्तींचीही डोळ्यांची आखणी शेवटीच होते, आणि तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्याच दिवशी चतुर्थी असल्याने या सुमारास चांगला ब्रश धरणारा हात नागपुरात मोकळा सापडत नाही. डोळ्याचा पांढरा भाग आधी, मग काळे बुबूळ, ते वरच्या पापणीला टेकलेले. मधोमध सुटे ठेवले तर बैल दचकल्यासारखा दिसतो. बुबुळात पांढरा टिंब सुईच्या टोकाने द्यावा, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला.

ऑइलपेंट की ॲक्रेलिक हा वाद घरोघरी होतो. ऑइलपेंट चमकतो, पाण्याला दाद देत नाही आणि पुढच्या वर्षी नंदी पुसून पुन्हा वापरता येतो. पण श्रावणातल्या दमट हवेत त्याचा एकेक थर दिवसदिवस चिकट राहतो. ॲक्रेलिक तासाभरात वाळतो, बारीक काठ त्यातच चांगले निघतात, मात्र वरून वार्निश लागतेच. लेकराच्या हातून रंगवायचे असेल तर ॲक्रेलिकच बरा. रंग ओला असेपर्यंत लेकराची चूक ओल्या फडक्याने निघते.

कोणताही रंग घेतला तरी प्रत्येक थराला पुरते वाळू द्यावे लागते, आणि पोळ्याच्या आठवड्यात तेवढी सवड कोणालाच नसते. नंदी स्वतः रंगवायचा असेल त्यांनी कोरे लाकूड नागपंचमीलाच घरी आणावे.