लेणी पाहावीत पावसाळ्यात

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद. लेकरांना अजिंठा-वेरूळ दाखवायचे म्हणून बहुतेक कुटुंबे दिवाळीची सुट्टी धरतात. आम्हीही तेच केले. लॉजवाल्याने दुप्पट भाडे घेतले, आणि शंभर किलोमीटर जाऊन पाहतो तो सोमवार! सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. आईने फाट्यावरूनच हात जोडले.

बंधु-भगिनींनो, ऑक्टोबर ते मार्च हा तिथला हंगाम. आपल्या खिशाला परवडतात ते जुलै ते सप्टेंबरचे दिवस. लॉज रिकामे, भाव करता येतो. एस.टी.त महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, आणि लेण्यांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीटच नाही.

पुढे आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, वार पाहून! फर्दापूर फाट्यावर उतरून लेण्यांची बस धरली. वाघूर भरून वाहत होती. पायऱ्या निसरड्या, म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा लागतो, हे खरे. पण भिक्खू जिथे वर्षावास करीत, ते विहार पावसातच पाहावेत. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे आई बराच वेळ बसली. आम्ही कोणीच तिला उठवले नाही.