परीक्षा नेमकी कशाची?

न्यू जर्सीतल्या मराठी घरात गणपतीची आरती झाली, पानं वाढली गेली, की गप्पा फिरून नोकरीवर येतात. मग कुणीतरी ठासून म्हणतं, "आपण इथे आलो ते मेरिटवर. कोट्यातून नाही." बोलणारा बहुधा दहावीला बोर्डात आलेला असतो. त्याने रात्री जागून अभ्यास केला, हे खरंच. पण हुशार माणसं १९२३ सालीही होती. भगतसिंग थिंद बर्कलीत शिकलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले. तरी त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे गोरे नव्हेत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. १९४६ साली दार किलकिलं झालं: अख्ख्या भारतातून वर्षाला १०० माणसं. कोटाच तो! १९६५ च्या स्थलांतर कायद्याने ती वंशावर बेतलेली पद्धत मोडली आणि शिकलेल्यांना वाट मिळाली. त्याच्या आदल्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला होता. त्यासाठी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या त्या कृष्णवर्णीयांनी, ज्यांचा विषय निघाला की आपण अजून आवाज खाली आणतो.

मेरिटकडे मी संशयाने पाहू लागलो तो एका खटल्यामुळे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्रेपर गावी ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. कामगार ९५, त्यांत कृष्णवर्णीय १४. त्यांना जागा फक्त 'लेबर' खात्यात, आणि तिथला सर्वांत मोठा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत लहान पगारापेक्षाही कमी. २ जुलै १९६५ रोजी नागरी हक्क कायद्यातली नोकरीतल्या वर्णभेदावरची बंदी लागू झाली. कंपनीने नेमक्या त्याच दिवशी चांगल्या खात्यांत नव्याने येणाऱ्यांसाठी दोन लेखी चाचण्या सुरू केल्या. हायस्कूल पास असण्याची अट होतीच. नियम सगळ्यांना सारखा, कागदावर रंगाचा उल्लेख नाही. मात्र १९६० च्या जनगणनेत त्या राज्यातल्या गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल झालेले होते, कृष्णवर्णीय पुरुषांपैकी १२ टक्के. आणि गंमत म्हणजे आधीच नोकरीला लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करत होते, बढत्याही घेत होते. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की परीक्षा घ्या, पण ती त्या कामाची हवी. आमचा हेतू वाईट नव्हता, एवढ्यावर सुटका नाही.

पुण्यात राखीव जागांवरचे वाद ऐकत मी मोठा झालो. त्या सगळ्या आरडाओरड्यात परीक्षा नेमकी कशाची, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या ऑफिसात तेलुगू, चिनी, रशियन आहेत, एक नायजेरियन आहे. दुपारी मायक्रोवेव्हपाशी आमटीचा आणि किमचीचा वास एकमेकांत मिसळतो. पण ज्याच्या कित्येक पिढ्या याच मातीत राबल्या असा कृष्णवर्णीय माणूस शोधायचा, तर खाली सिक्युरिटीच्या टेबलापाशी जावं लागतं. आमची विविधता बरीचशी विमानाने आलेली आहे. मुलाखत संपवून कुणी म्हणालं, "हुशार आहे, पण आपल्यात बसेल का?", की मला ड्रेपर आठवतं. ही चाचणी तर लेखीसुद्धा नाही.

२०२५ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ट्रम्प यांनी दोन आदेश काढले. दोन्हींच्या शीर्षकात मेरिट आहे. पहिल्याने सरकारी कंत्राटदारांवर समान संधीचं बंधन घालणारा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा १९६५ चा आदेश रद्द झाला. दुसऱ्याने सरकारी खात्यांना बजावलं की ग्रिग्ज खटल्यातून निघालेलं तत्त्व शक्य तितकं बाजूला ठेवा. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. सप्टेंबरात नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्काची घोषणा झाली. बाहेरचे लोक अमेरिकनांच्या नोकऱ्या घेतात, हे कारण. हे जुन्या व्हिसांनाही लागू आहे का, सुट्टीला पुण्यात गेलेल्यांनी मिळेल ते विमान पकडावं का, यावर त्याच ग्रुपवर रात्रभर खल चालला. पहाटेकडे कुणीतरी विचारलं, याविरुद्ध कोर्टात जाणाऱ्या संघटना कुठल्या आहेत?