पंचविसाव्या वाढदिवसाची खोली

मैत्रिणींनो, परदेशातल्या हॉटेलच्या जाहिरातीत 'रोमँटिक' हा शब्द दिसला की फोटो जरा बाजूला सारा आणि आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपलं लग्न कोणत्या महिन्यात झालं? हसू नका. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख काही बदलता येत नाही, आणि समुद्रकाठच्या हॉटेलातली निम्मी मजा तर हवामानावरच अवलंबून असते.

आमचं लग्न मे महिन्यातलं. झाशीच्या गणेश मंदिरात लागलं. १८४२ साली गंगाधरराव आणि मनकर्णिका, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, यांचं लग्न लागलं तेच हे मंदिर. झाशीकडच्या आम्हा मराठी घरांना त्याचं फार अप्रूप. माझं सासर गरौठ्याचं. बेतवा आणि धसान या नद्यांच्या मधला हा मुलूख. खाली आमचं खत-बियाण्यांचं दुकान, वर घर. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. गव्हा-वाटाण्याची कापणी उरकलेली असते, खरिपाची गर्दी अजून सुरू व्हायची असते. दुकानाला कुलूप लावता येईल असे दिवस वर्षातून तेवढेच.

मे धरला आणि यादी आपोआप लहान झाली. मालदीवमध्ये मेपासून नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. थायलंडमधलं फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला, तिथेही मे ते ऑक्टोबर पावसाळा. बालीत मात्र त्या काळात कोरडा ऋतू असतो आणि मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचे महिने संपून सौम्य हिवाळा लागत असतो. तुमचं लग्न जानेवारी-फेब्रुवारीतलं असेल तर हेच सगळं उलटं वाचा.

तरी आमच्या लेकीने मालदीवचाच हट्ट धरला. पाण्यावर उभं लाकडी घर, जिन्यावरून थेट समुद्रात उतरायचं. खर्च बघितला तर खोलीच्या भाड्याइतकंच लक्ष तिथवर पोहोचण्याच्या खर्चाकडे द्यावं लागतं. लांबच्या बेटांवर समुद्री विमानाने जायचं, आणि ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेतच, वेगळं भाडं भरून. पण खरं सांगू? मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती. पंचवीस वर्षांत आमचं बोलणं युरियाच्या गोण्या, उधारी, लेकीची फी आणि आईंच्या गोळ्या एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. भांडण नाही, अबोलाही नाही. पण एका बेटावर एकच हॉटेल, चारी बाजूंनी पाणी, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एकमेकांशी बोलणार काय? नवविवाहितांना तो एकांत हवाच असतो. आमच्यासारख्यांना दोघांनी मिळून बघायला, नावं ठेवायला, हसायला आसपास थोडी माणसंही लागतात. म्हणून मी ठरवलं, हॉटेल असं हवं की फाटकाबाहेर पडलं की गाव लागेल.

शेवटी मॉरिशस ठरलं. मुंबईहून थेट विमानाने सहा-सव्वासहा तास, आणि पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण मात्र दाखवावं लागतं. पैसे माझ्या शिकवणीचे आणि भिशीचे, सहा वर्षं साठवलेले. पुन्हा इतके जमायला आणखी किती वर्षं जातील, हा हिशेब मी केलाच नाही. त्यामुळे खोली निवडताना मात्र घासाघीस करून निवडली.

बेट लहान असलं तरी किनाऱ्या-किनाऱ्यात फरक आहे. हिवाळ्याच्या महिन्यांत तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, पूर्व किनाऱ्यावर ते चांगलेच झोंबतात. पश्चिमेचा किनारा आडोशाला आणि कोरडा, शिवाय सूर्यास्त तिकडेच. म्हणून आम्ही पश्चिमेचं फ्लिक आं फ्लाक निवडलं. महागड्या हॉटेलांच्या खाजगी किनाऱ्याच्या जाहिरातींना भुलू नका. मॉरिशसमध्ये समुद्रकिनारा सगळ्यांसाठी खुला असतो. वाळूचे वेगळे पैसे कशाला मोजायचे?

मग खोलीच्या वर्णनातले शब्द. 'सी व्ह्यू'आधी 'पार्शियल' असेल तर बाल्कनीतून मान वाकडी करून समुद्र बघायची तयारी ठेवा. 'हाफ बोर्ड' म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण, पेयं बहुतेकदा वेगळी. 'ट्विन' म्हणजे दोन सुटे पलंग. लग्नाच्या वाढदिवसाला ही चौकशी आधी केलेली बरी, कारण पुष्कळ ठिकाणी दोन पलंग जोडूनच 'डबल' करतात आणि मधली फट रात्रभर जाणवते. आमचे हे घोरतात, त्यामुळे मला ती फट फारशी खटकली नसती, पण तत्त्व म्हणून मी विचारलं.

आमच्या हॉटेलची एक सवलत होती. दहावा, पंधरावा, पंचविसावा असा ठरावीक वाढदिवस असेल तर पत्नीच्या भाड्यात सूट. अशा सवलती तिथे बऱ्याच हॉटेलांत असतात. अट एकच, विवाहाचं प्रमाणपत्र पाठवा. आता आमच्याकडे लग्नपत्रिका होती, अल्बम होता, आहेराची वही होती. प्रमाणपत्र कुठून आणणार? आमच्या वेळी इकडे लग्नाची नोंद कोण करत होतं! उत्तर प्रदेशात विवाह नोंदणीचे नियम २०१७ साली आले. मग ऑनलाइन अर्ज भरला, साक्षीदार जमवले आणि आम्ही दोघं, केस पांढरे झालेले, निबंधक कार्यालयात जाऊन बसलो. तिथल्या बाबूंनी आमच्या मागे नजर टाकून विचारलं, "वर-वधू कहाँ हैं?" हे इतक्या गंभीरपणे म्हणाले, "हम ही हैं," की साक्षीला आलेले दीर बाहेर जाऊन हसून आले. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही त्यावरच बोलत होतो. गोण्यांचा विषय निघालाच नाही.

पंजाब मेलने मुंबई आणि तिथून विमान. हॉटेल साधंच होतं, तीन मजली, लिफ्ट नाही. बाल्कनी पश्चिमेला. मे महिन्यात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून संध्याकाळ लवकर हाती लागायची. सकाळी रस्त्यावरच्या गाडीवर धल पुरी खायचो. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी. वाटाण्याच्या मुलखातून आलेल्या यांनी पहिल्याच घासाला डाळ ओळखली आणि गाडीवाल्याशी खाणाखुणांनी भावाची चौकशी सुरू केली. जवळच कास्कावेल म्हणून मराठी वस्तीचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या एका आजींनी आम्हाला मराठीत "कुठले?" विचारलं. गरौठा त्यांना कळेना, झाशी म्हटल्यावर लगेच कळलं.

तिसऱ्या संध्याकाळी बाल्कनीत बसलो असताना हे म्हणाले, "मला नागपूरला नोकरी लागली होती, माहितीये?" मला माहीत नव्हतं. लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मामंजी गेले, दुकान उघडायला कोणी नव्हतं, म्हणून यांनी नेमणुकीचं पत्र पेटीत ठेवून दिलं. मी म्हटलं, "अहो, पंचवीस वर्षांत एकदा तरी सांगायचं!" हे म्हणाले, "तू कधी नुसती बसलेलीच दिसली नाहीस." त्या रात्री आम्ही जेवायला इतक्या उशिरा गेलो की सूप संपलं होतं.

मोहरीचा तो पिवळा कागद आम्ही परतल्यावर पेटीतून काढला. घडीवर फाटलाय, पण यांचं नाव नीट वाचता येतं.