नालछ्याचा थांबा

आमच्या धारहून मांडूला जाताना नालछा गाव लागते. पावसाळ्यात मांडूच्या वाटेवरचे प्रवासी इथे चहापुरते थांबतात आणि पुढे जातात. गेल्या श्रावणात मी मात्र मुद्दाम उतरलो.

राजधानीही या गावावरून अशीच पुढे गेली. परमारांची राजधानी धार. होशंगशाहाने ती मांडूला नेली. अठराव्या शतकात मराठे पवार आले आणि गादी पुन्हा धारला आली. एकोणिसाव्या शतकात सर जॉन माल्कम यांनी इथला एक पडका महाल राहण्यासाठी दुरुस्त करून घेतला, एवढाच काय तो नालछ्याचा सरकारी थाट.

१९४८ मध्ये धार संस्थान मध्य भारतात विलीन झाले. नव्या राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर! आजोबा कारकून होते. दप्तराच्या पेट्यांबरोबर त्यांचीही वळकटी हलायची. आजी म्हणायची, "सरकार एका जागी बसेल तेव्हाच मी बरणीभर लोणचं घालीन."

१९५६ मध्ये नवा मध्य प्रदेश झाला आणि सरकार भोपाळला बसले. मग मान गेलेल्या शहरांची समजूत काढणे आले. उच्च न्यायालय जबलपूरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला गेला. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेले. तिथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरू लागले, तेही अशाच समजुतीपोटी.

वाटणी झाली ती शहरांच्या मानाची. नालछ्याहून पाहिले तर ग्वाल्हेर भोपाळपेक्षाही लांब. कचेरी राजधानीपासून दूर गेली म्हणजे माणसाच्या जवळ आली, असे थोडेच आहे?

आज नालछा विकासखंडाचे ठिकाण आहे. टपरीवर एक भिल्ल म्हातारबाबा भेटले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेला अर्ज.

"कुठवर जायचं, बाबा?"

"इथंच, कचेरीत." पायीच आले होते.

तासाभराने ते परतले. अर्ज घेतला होता. सही मात्र वरून यायची होती.

"वरून म्हणजे कुठून?"

बाबांनी समोर, ढगांत बुडालेल्या मांडूच्या डोंगराकडे बोट दाखवले. मी हसलो नाही. कचेरी त्यांच्या पायवाटेपर्यंत आली होती, हेही काही कमी नव्हे. आता सहीनेही तो डोंगर उतरायला हवा.