तारप्याचा फेर मालेगावात

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात वारली पाडा नाही, तरी वारली माणसं इथल्या भिंतींवर नाचताना दिसतात. खाली गेरूच्या रंगाचा ऑइल पेंट, वर पांढरी चित्रं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार! या सोपेपणामुळेच ही कला सह्याद्री ओलांडून सोयाबीनच्या पट्ट्यात आली, आणि त्याच सोपेपणाने तिचा छापील नमुनाही झाला.

एका उन्हाळ्यात शाळेच्या कंपाउंडचं काम मी बराच वेळ बघत होतो. पेंटरने खिळ्याला सुतळी बांधून खडूने गोल मारला आणि त्यावर माणसं बसवत गेला. हात सफाईदार होता.

"सर, गोल एक नंबर आला ना?"

आला होता. पण वारल्यांचा तारपा नाच असा बंद गोल नसतो. मध्ये तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून, त्याच्याकडे पाठ न करता फिरतात. रांग शंखाच्या वळशासारखी उलगडत जाते, टोक मोकळं राहतं. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग इथून खोलून टाकतो," आणि ओल्या फडक्याने एक माणूस पुसला.

मूळ रेषा डहाणू तालुक्यातली. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, चौकात पालघाट देवी. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी तिथे कागद आणि रंग नेले. तिथल्याच गंजाड गावच्या जिव्या सोमा म्हशांनी बायकांची ही कला हाती घेतली. त्यांना १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र जवळून पाहावं: बारीक रेघांची वीण चित्रभर पसरलेली. २०१८मध्ये ते गेले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रं काढतात.

त्याच गंजाडचे राजेश वांगड मला जास्त भावतात. गौरी गिल यांनी काढलेल्या गावाच्या छायाचित्रांवर ते थेट रेखाटतात. फोटोत न दिसणारं जंगल, आठवणी, गावाने सोसलेलं सगळं त्यात येतं. तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊही गंजाडचेच, त्यांची चित्रं पार ब्रिस्बेनपर्यंत पोचली.

वारली चित्रांना २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे मात्र ती चौरस फुटाच्या दराने निघतात. भिंती रंगवायच्याच आहेत तर शाळांनी एकदा गंजाडचा चित्रकार बोलवावा, पोरांसोबत आणि आपल्या पेंटरसोबत चार दिवस बसवावा. वर्गणी काढणार असाल, तर पहिली पावती माझ्या नावाची फाडा.