भांडं कुठलं

श्वासाचं मशीन लावलं तेव्हा मावशी म्हणाली, ‘जीव भांड्यात पडला बाई.’

तेव्हापासून ते भांडं डोक्यातून जात नाही. तांब्या, की परात? जीव आधी कुठे लोंबकळत होता, आणि एवढ्या उंचावरून पडून सांडला कसा नाही? पडणं एरवी वाईटच. पाऊस सोडून, आणि बीडमध्ये नेमका तोच पडत नाही. भांड्याला झाकण असतं का, हेही कुणी सांगत नाही.

मशीन म्हणजे भाताच. धारूरच्या डोंगरात आमच्या गावी दसऱ्याआधी घिसाडी येत. ऊसतोडीला निघालेल्यांचे कोयते करून, पाजवून देत. बाप्या सांडशीत लोखंड धरी, बाई घण घाली, भाता पोराकडे. हात थांबला की निखारा काळवंडे आणि शिवी येई. एकदा मी भाता मागून घेतला. दहा मिनिटांत खांदे भरून आले. निखारा मात्र फुलत राहिला. हात कुणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तोवर रुग्णाला लोखंडी पेटीत निजवून बाहेरूनच छाती फुगवत. हवा आपसूक आत ओढली जाई. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन घातलेल्या नळीतून रबरी पिशवीने हवा आत ढकलली. जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने ती पिशवी दाबत बसले. भात्यावरची पोरंच ती. आजचं मशीनही ढकलतंच. आपण श्वास घेतो. तिथे तो दिला जातो. दिलेलं नको म्हणायची सोय त्यात कुठे आहे, ते मला सापडलेलं नाही.

डॉक्टर तसल्याच पिशवीला ‘अंबू बॅग’ म्हणाले तेव्हा मावशीने अंबाजोगाईच्या दिशेने हात जोडले. नाव डॅनिश कंपनीचं. मी बोललो नाही.

२०२१ च्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या नादुरुस्त व्हेंटिलेटरची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दखल घेतली. तेव्हा वाटलं होतं, मशीन चालणं एवढाच प्रश्न आहे. आता ते चालू आहे, बिनचूक. किती दिवस ठेवायचं, असं काल कुणीतरी विचारलं. मावशी माझ्याकडे बघत होती.

घिसाड्याच्या पोराला ‘थांब’ कोण म्हणायचं, आठवत नाही. बाप? की कोयता पाण्यात गेला की हात आपोआप थांबे? लाल लोखंड बुडताना चर्र आवाज होई, वाफ उठे. पाणी फुटक्या माठाच्या बुडात असे.

भांडंच ते. पण मावशीचं भांडं ते नसावं.